चालत्या गर्दीचा ठेका

कोहमारा नकाशावर शोधायचे तर गावाआधी रस्ते शोधावेत. गुजरातेतल्या हजिऱ्याहून निघालेला महामार्ग नागपूर, भंडारा, साकोली, सौंदड करत पूर्वेकडे येतो आणि देवरीमार्गे छत्तीसगडात उतरतो. कागदोपत्री त्याचा क्रमांक आता ५३ आहे. जुन्या ट्रकवाल्यांच्या तोंडी तो अजून सहा नंबरच. त्याला कोहमाऱ्यात दुसरा रस्ता छेदतो. हा गोंदियाहून गोरेगाव आणि मुरदोलीचे जंगल ओलांडून येतो, पुढे नवेगावबांध, अर्जुनी मोरगाव करत वडशाकडे जातो. सडक अर्जुनी तालुक्यातल्या या गावाची बाहेरच्यांना असलेली ओळख एवढीच: बस बदलायची जागा.

पण चार रस्त्यांनी नुसती माणसे आणि धान येत नाही. पश्चिमेकडून नागपूरची धुमाल येते. पूर्वेकडून राजनांदगाव, दुर्ग, रायपूरचे छत्तीसगढी रिमिक्स येते. उत्तरेकडून गोंदिया-बालाघाटचा हिंदी आणि पोवारी बाज येतो. दक्षिणेकडून वडशाच्या नाटक कंपन्यांचे ऑर्गन, तबला आणि नाटकातली नाच-गाणी येतात. शिवाय हे रस्ते आखले जाण्याच्या कितीतरी आधीपासून इथे असलेला गोंडी ढोल आणि रेला आहेच. लग्नसराईत हे पाचही प्रवाह एकाच मेटॅडोरवर, एकाच लॅपटॉपमधून, एकाच रात्री वाजतात. नवरदेवाचा मामा हिंदी मागतो, मित्र छत्तीसगढी मागतात, म्हातारे कुणी काही मागत नाहीत. पण ढोलाचा ओळखीचा ठेका आला की त्यांचेही पाय हलतात. पुढच्या पानांचा विषय हे मिश्रण आहे. त्याला इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा प्रादेशिक प्रकार म्हणावे, असे माझे म्हणणे आहे. 'डीजेचा धिंगाणा' एवढ्या दोन शब्दांत ते निकालात काढायची सवय आपल्याला लागली आहे, म्हणून प्रस्तावना थोडी लांबणार.

इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत म्हटले की आपल्याकडच्या वाचकाला गोवा आठवतो, आणि ते बरोबरही आहे. जगाच्या संगीतकोशात भारतातल्या एखाद्या जागेचे नाव या क्षेत्रात कायमचे कोरले गेले असेल तर ते 'गोवा ट्रान्स'मध्ये. १९७० साली गोव्यात आलेला कॅलिफोर्नियाचा गिल्बर्ट लेव्ही पुढे 'गोवा गिल' म्हणून ओळखला गेला. २०२३ मध्ये तो वारला. हणजुण्याच्या किनाऱ्यावर आधी गिटारी होत्या, रॉक होता. ऐंशीच्या दशकात युरोपातून आलेल्या इलेक्ट्रॉनिक कॅसेटी वाजू लागल्या. लोरां नावाचा एक फ्रेंच डीजे गाण्यातले शब्द कापून नुसते वाद्यांचे तुकडे जोडत असे, म्हणजे नाचणाऱ्याची तंद्री शब्दांनी मोडू नये. उन्हात आणि धुळीत विनाइलच्या तबकड्या टिकत नसत, म्हणून तिथले डीजे कॅसेटवर आणि पुढे डॅट या डिजिटल टेपवर वाजवत. १९९३ मध्ये लंडनला ड्रॅगनफ्लाय रेकॉर्ड्स सुरू झाली, १९९४ मध्ये टिप आणि फ्लाइंग ऱ्हायनो. त्याच वर्षीच्या डिसेंबरात पॉल ओकेनफोल्डचा 'गोवा मिक्स' बीबीसीच्या रेडिओ वनवर गेला आणि किनाऱ्यावरचे खासगी वेड जगाच्या बाजारात आले.

आता यात गोंयकार कुठे होता? पार्टीच्या कडेला चटई अंथरून, रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात चहा आणि ऑम्लेट विकणाऱ्या बायका होत्या. घरे भाड्याने देणारे होते, मोटारसायकली भाड्याने देणारे होते. संगीतात मात्र ना मांडो होता, ना घुमट, ना कोकणी गळा. ध्वनिमुद्रण लंडनला किंवा तेल अवीवला व्हायचे. जमीन गोव्याची, चांदणे गोव्याचे, नावही गोव्याचे; सूर बाहेरचा. यात तक्रार करण्यासारखे काही नाही, संगीत असेच फिरते. पण प्रादेशिक शैली म्हणजे काय, हे ठरवताना हा फरक विसरू नये.

मुंबईतली गोष्ट तर आणखी विचित्र. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये एचएमव्हीसाठी दहा रागांची एक तबकडी केली. हाताशी रोलँड कंपनीची तीन यंत्रे होती: टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८. त्यांनी डिस्कोच्या ठेक्यावर भैरव, कलावती वाजवले. तबकडी फारशी कुणी घेतली नाही. पाच वर्षांनी शिकागोत 'फ्युचर' नावाच्या त्रिकुटाने त्याच ३०३ मधून 'ॲसिड ट्रॅक्स' काढला आणि ॲसिड हाउस जन्मले. २०१० मध्ये मुंबईची ती विस्मृत तबकडी युरोपात पुन्हा निघाली, तेव्हा ऐकणारे थक्क झाले. सत्तरीत पोहोचलेल्या सिंग यांना परदेशी मंचांवर बोलावणी आली. २०१५ मध्ये ते गेले. ही एका माणसाची करामत होती. तिच्यामागे नाचणारी गर्दी नव्हती, म्हणून तिची शैली झाली नाही.

गर्दी पूर्व विदर्भात होती. फक्त ती उभी नव्हती, चालत होती.

गर्दी चालत असणे, हे माझ्या मते या संगीताचे मूळ आहे. डेट्रॉइटचे टेक्नो, शिकागोचे हाउस, बर्लिनचे तळघरी संगीत, सगळे चार भिंतींत वाढले. तिथे नाचणारा एका जागी असतो आणि संगीत त्याला तासन्‌तास त्याच जागी धरून ठेवते. आपल्याकडे नाच मिरवणुकीतला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबत, गणपती, दुर्गा-शारदेचे विसर्जन, ताजुद्दीन बाबांच्या उरुसातला संदल, चौदा एप्रिल, आणि या सगळ्यांहून जास्त वेळा निघणारी लग्नाची वरात. वरात दहा पावले जाते, थांबते, गोल होतो, कुणी खांद्यावर चढतो, नोटा ओवाळल्या जातात, मग मागून कुणी म्हातारा ओरडतो, 'अरे, मुहूर्त चालला!' आणि पुन्हा दहा पावले. या चालण्या-थांबण्याने गाण्याचा साचा घडवला. त्यात लांबलचक चढण परवडत नाही. पंधरा-वीस सेकंदांत ताण चढवून ठेका कोसळवावा लागतो, कारण तेवढ्यात गाडी हलते. शेवटही नसतो, एक गाणे दुसऱ्यात ओतले जाते. क्लबमधल्या माणसाला हे तुकड्यातुकड्यांचे, घाईचे वाटेल. वरातीतल्याला क्लबचे संगीत सुरूच होत नाही असे वाटेल.

चालत्या गर्दीला आधी वाजंत्री वाजवत. सनई, डफडे, टिमकी, ढोल. सरहद्दीपलीकडे छत्तीसगडात त्यालाच गडवा बाजा म्हणतात. तिथे सनईच्या जागी मोहरी असते. मग पितळी बँड आले. त्यानंतरचे आगमन जरा गमतीचे आहे. १९१२ मध्ये जपानच्या नागोया शहरात गोरो मोरिता नावाच्या माणसाने टाइपरायटरसारखी बटणे असलेले एक तंतुवाद्य बनवले, ताइशोगोतो. ते भारतात येऊन बुलबुलतरंग झाले आणि महाराष्ट्रात, विशेषतः मुंबई-कोकणात, पिकअप बसवून, भोंग्याला जोडून 'बेंजो' झाले. गणपतीत गल्लोगल्ली बेंजो पार्ट्या निघाल्या. रितेश देशमुख आणि रवी जाधव यांनी २०१६ मध्ये याच नावाचा हिंदी चित्रपट केला, तोवर त्या पार्ट्यांचे दिवस उतरणीला लागले होते.

दुसरे वाद्यही जपानचेच. १९८५ मध्ये रोलँडने आठ रबरी चौकोन असलेले ऑक्टापॅड बाजारात आणले. एका माणसाने दोन काठ्यांनी ढोल, ताशा, झांज, शिट्टी, काच फुटल्याचा आवाज, जे हवे ते वाजवावे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांनी ते उचलले, ऑर्केस्ट्रांनी उचलले, आणि तिथून ते मेटॅडोरवर चढले. नागपूर ते रायपूर या पट्ट्यात जिला धुमाल म्हणतात ती मंडळी म्हणजे हाच संसार: गाडीवर कीबोर्ड किंवा बेंजो, ऑक्टापॅड, कोंगो, खाली किंवा वर ढोल-ताशे, भोवती स्पीकरच्या भिंती आणि मागे धडधडणारे जनरेटर. धुमालीत गायक बहुधा नसतो. गाण्याची चाल कीबोर्ड म्हणतो, आणि ती सगळ्यांना पाठ असतेच. हाताने वाजवलेले पण विजेतून मोठे झालेले हे संगीत मला या गोष्टीचा सांधा वाटते. धुमालीचा वादक गर्दीकडे बघून ठेका बदलतो. नवरदेवाच्या मित्रांचा गोल विसकटला की तो लगेच चाल तोडतो आणि नुसता ढोल धरतो. हे कौशल्य शिकवणारी शाळा नाही. पोट्टे गाडीच्या मागच्या फळीवर बसून ते बघत शिकतात.

मग लॅपटॉप आला. बेल्जियमच्या इमेज-लाइन कंपनीने १९९७ च्या डिसेंबरात 'फ्रूटीलूप्स' नावाचा एक साधा संगणकी ढोलकवाला आणला. आज त्याला एफएल स्टुडिओ म्हणतात. चौकोनांची एक ओळ, त्यातले हवे ते चौकोन पेटवायचे, तिथे ठोका पडतो. नोटेशन यायला नको, वाद्य यायला नको. कैरोच्या गरीब वस्त्यांतल्या लग्नांतून उभ्या राहिलेल्या 'महरगनात' या शैलीच्या मुळाशी हेच सॉफ्टवेअर आहे, आणि आपल्याकडच्या तालुक्याच्या गावांतल्या खोल्यांतही हेच. गावोगावच्या मोबाइल दुकानांत मेमरी कार्डावर गाणी 'भरून' देण्याचा धंदा होता तेव्हा या खोल्यांत तयार झालेली मिक्स त्या कार्डांवरून पसरली. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले, डेटा स्वस्त झाला, आणि प्रसाराचे काम यूट्यूबने हाती घेतले. त्यानंतर दुर्गच्या मुलाचे मिक्स देवरीत पोहोचायला लग्नसराईची वाट बघावी लागत नाही.

एक मिक्स कसे तयार होते, ते थोडक्यात सांगतो. मूळ गाणे घ्यायचे. हिंदी, छत्तीसगढी, मराठी, कधी भीमगीत, कधी देवीचे जस. त्याची लय मोजून सॉफ्टवेअरच्या जाळीवर बसवायची. जुन्या गाण्यांची लय यंत्रासारखी सरळ नसते, वादक भावनेच्या भरात पुढे-मागे होतात. म्हणून गाणे ठिकठिकाणी ताणावे, आवळावे लागते. मूळ तबला-ढोलक शक्य तितका दाबायचा. त्याच्या जागी प्रत्येक मात्रेवर जड ठोका आणि त्याच्या मधून ढोल, टिमकी किंवा हलगीचे तुकडे. खाली खर्जाचा एक थर, जो कानापेक्षा छातीला कळतो. मध्ये सगळे थांबवून एखाद्या चित्रपटातला संवाद. मग ताण चढवणारी सुरावट, एक क्षण शांतता आणि कोसळ. या सगळ्यावर दर अर्ध्या मिनिटाने एक बाई यांत्रिक इंग्रजी उच्चारात डीजेचे नाव घेते. ऐकणाऱ्याला तो त्रास वाटतो. करणाऱ्यासाठी ती सही आहे, कारण उद्या तेच मिक्स शंभर पेनड्राइव्हमध्ये फिरणार आणि प्रत्येक गाडीवाला ते आपलेच म्हणून वाजवणार.

छत्तीसगडच्या बाजूला अशा मिक्सचे स्वतःचे पोटप्रकार झाले आहेत, त्यांना स्वतःची नावे आहेत आणि त्यांवर पोरांमध्ये कडाक्याचे वाद होतात. पश्चिम महाराष्ट्रात हलगी मिक्स आहे, खानदेशात अहिराणी गाण्यांचे डीजे रूप आहे, रायगड-ठाण्यात आगरी-कोळी आहे. 'कॉम्पिटिशन'साठी वेगळी मिक्स असतात. त्यांत गाणे जवळपास नसतेच, स्पीकरची ताकद दाखवणारे ठोके आणि समोरच्या गाडीला दिलेली आव्हाने असतात. दोन गाड्या समोरासमोर उभ्या राहतात आणि ज्याचे मशीन आधी दमते तो हरतो. मशीन म्हणजे ॲम्प्लिफायर. संगीत म्हणून मला हा भाग सगळ्यात कोरडा वाटतो, पण जमैकातल्या साउंड सिस्टिमच्या लढतींवर ग्रंथ लिहिले जातात, तेव्हा आपल्या गाड्यांच्या लढतींकडे निदान बघायला हरकत नसावी.

झाडीपट्टीची म्हणून यात काय भर पडली? माझ्या मते दोन गोष्टी. पहिली म्हणजे हंगाम. झाडीपट्टी म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर हा धानाचा मुलूख. धान निघाले की हातात पैसा येतो. दिवाळीच्या भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरते. दिवसा दंडार, खडी गंमत, रात्री नाटक. वडशाच्या कंपन्यांची नाटके होळीपर्यंत रात्रभर चालतात, पाव्हणे दुसऱ्या तालुक्यातून येतात, मुलामुलींची लग्ने तिथेच जुळतात आणि उन्हाळ्यात वराती निघतात. तेव्हा डीजेवाल्यापुढे तयार, वर्षानुवर्षांचा, रात्र जागवायला सरावलेला श्रोता होता. जो प्रेक्षक पहाटेपर्यंत नाटक बघतो त्याला दोन तासांची वरात म्हणजे काहीच नाही. दुसरी गोष्ट म्हणजे मिश्र भाषेची सवय. इथला माणूस घरी झाडीबोली किंवा पोवारी किंवा गोंडी, बाजारात हिंदी, शाळेत मराठी बोलतो. एका मिक्समध्ये तीन भाषा आल्या तर पुण्याच्या श्रोत्याला खडे लागतात; कोहमाऱ्याच्या श्रोत्याला ते आपल्या घरासारखे वाटते. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी झाडीबोली आणि इथल्या लोकपरंपरा अभ्यासाच्या कक्षेत आणल्या, म्हणून दंडारीबद्दल आज काही वाचायला तरी मिळते. दंडारीच्याच मैदानावर पुढे जे वाजू लागले, त्याची नोंद मात्र बहुतेक पोलीस ठाण्याच्या दप्तरात आहे.

आता जरा अवघड भाग.

ढोल-डफडे कोण वाजवायचे आणि कुणाच्या दारात वाजवायचे, हे जातीने ठरलेले होते. वाजवणारा वरातीच्या पुढे चालायचा, पण पंगतीत शेवटी बसायचा, तीही वेगळी. डॉ. आंबेडकरांनी अपमानाची परंपरागत कामे सोडा म्हटले, त्यांत हे वाजवणेही होते. याच भूमीतून, तेव्हाच्या भंडारा मतदारसंघातून, १९५४ ची पोटनिवडणूक त्यांनी लढवली आणि ते हरले. दोन वर्षांनी नागपुरात दीक्षा झाली. या इतिहासाच्या उजेडात चौदा एप्रिलची डीजेची गाडी बघावी. जिथे आपल्या बापाने दुसऱ्याच्या वरातीत डफडे वाजवले त्या मुख्य रस्त्यावर आपलाच आवाज, आपलेच गीत, आणि गावातल्या कुठल्याही घराला ऐकू येईल इतके मोठे. वामनदादा कर्डकांच्या पिढीने भीमगीत पेटी-ढोलकीवर गावोगाव पोहोचवले. या पिढीने ते खर्जावर चढवले. आवाजाच्या पातळीचा प्रश्न इथे कानाच्या डॉक्टरपुरता राहत नाही. रस्त्यावर कुणाला किती मोठे व्हायचा हक्क आहे, हाही प्रश्न त्यात मिसळलेला आहे. ज्यांच्या घरची वरात पिढ्यान्‌पिढ्या वाजतगाजत निघाली त्यांनी 'हल्ली फार आवाज झाला' म्हणताना याचा विचार करावा.

गोंडी समाजातही असेच काही घडते आहे. सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला माघ पौर्णिमेला देशभरातून गोंड भाविक येतात. 'जय सेवा'चा गजर आता रिमिक्समध्येही आहे आणि रेल्याच्या चालीखाली यंत्राचा ठोका आहे. रेला हा हातात हात घालून, एका लयीत सरकणारा नाच. त्याखाली प्रत्येक मात्रेवर सारख्याच वजनाचा ठोका टाकला की झोका जातो, हे खरे. ते नुकसान मला खटकते. पण ज्या भाषेला शाळेत जागा मिळाली नाही ती भाषा पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला मोबाइलवर ऐकावीशी वाटते, याची किंमत मी कमी धरत नाही. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते.

यातली एक जागा रिकामी आहे. बायका वरातीत नाचतात, पूर्वीपेक्षा जास्त आणि मोकळ्या नाचतात. पण लॅपटॉपपुढे बाई दिसत नाही, गाडीवर तर नाहीच. या सगळ्या संगीतात बाईचा आवाज दोन ठिकाणी उरतो: मूळ गाण्याच्या गळ्यात आणि डीजेचे नाव घेणाऱ्या त्या यांत्रिक शिक्क्यात.

आवाजाच्या त्रासाबद्दल मी वकिली करणार नाही. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो. अरुंद गल्लीत, दोन्ही बाजूंना भिंती असताना, तो तसा उतरत नाही. कवेलू थरथरतात, भांडी मांडणीवरून सरकतात, पाळण्यातले मूल दचकून उठते. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेच्या हिशेबाने शंभर डेसिबलच्या आवाजात पंधरा मिनिटांपेक्षा जास्त राहू नये. गाडीवरचा ऑपरेटर तिथे पाच-सहा तास असतो, रोज, हंगामभर. या संगीताची सगळ्यात मोठी किंमत तोच मोजतो आणि त्याच्या कानांची तपासणी कुणी करत नाही.

कायदा स्पष्ट आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद. २०१६ च्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याबाबत सविस्तर निकाल दिला. २०१८ च्या गणेशोत्सवात ध्वनियंत्रणा व्यावसायिकांची संघटना न्यायालयात गेली, तेव्हा विसर्जनात डीजेला परवानगी द्यायला न्यायालयाने नकार दिला. छत्तीसगडच्या उच्च न्यायालयानेही गाड्यांवर साउंड बॉक्स लादून वाजवण्याविरुद्ध आदेश दिले आहेत. म्हणजे कोहमाऱ्याच्या चौकातून कोणत्याही दिशेला गेले तरी गाडी बेकायदा ठरते, आणि तरीही प्रत्येक दिशेने ती येते. पंचावन्न डेसिबल म्हणजे साधारण गप्पांचा आवाज. त्या मर्यादेत वरात बसत नाही, सनईही बसत नाही. न पाळता येणारा नियम असला की तो पाळायचा की नाही हे गावातल्या वजनावर ठरते. कुणाची गाडी दहाला बंद होते, कुणाची बाराला.

दुसऱ्या एका कायद्याची बाजू कमी लोकांना माहीत आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक विधीत वाजवलेले संगीत हक्कभंग मानलेले नाही, आणि त्याच्या स्पष्टीकरणात लग्नाची वरात व लग्नाशी जोडलेले सोहळेही धरले आहेत. २०२३ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने तेच पुन्हा बजावून सांगितले. वरातीत वाजवायला परवाना लागत नाही, पण तेच मिक्स तयार करून यूट्यूबवर टाकायला मूळ मालकाची संमती लागते. म्हणून चॅनेल बंद पडतात, दुसऱ्या नावाने उघडतात, लाखोंनी ऐकलेले मिक्स एका सकाळी नाहीसे होते. कमाई संगीतातून होत नाहीच. ती गाडीच्या भाड्यातून, तारीख बुक होण्यातून होते. ब्राझीलमधल्या बेलेंच्या 'टेक्नोब्रेगा'चेही हेच गणित: सीडी फेरीवाल्यांना फुकट द्यायच्या आणि पैसा ध्वनियंत्रणेच्या जलशात मिळवायचा. पण बेलेंच्या कलावंतांची नावे निदान शहराला ठाऊक होती. आपल्याकडे मिक्स करणारा मुलगा आणि गाडीचा मालक बहुधा वेगळे असतात, आणि पोस्टरवर नाव मालकाचे असते.

याचा परिणाम अभ्यासावर होतो. पितळी बँडच्या काळातल्या तबकड्या संग्राहकांकडे आहेत, कॅसेटी अजून कुणाच्या तरी माळ्यावर आहेत. दहा वर्षांपूर्वीचे मिक्स मात्र बिघडलेल्या मेमरी कार्डाबरोबर गेले. धुमालीचे तर ध्वनिमुद्रणच मुळात कमी झाले, कारण ते वाजवायचे होते, विकायचे नव्हते. ज्यांना या विषयावर काम करायचे आहे त्यांनी आधी जुने ऑपरेटर गाठावेत, त्यांच्या हार्ड डिस्क उतरवून घ्याव्यात आणि कोणते मिक्स कोणी केले हे विचारून लिहून ठेवावे. गाणी नंतर ऐकता येतील.

आणि ऐकायचीच तर मोबाइलवर ऐकून मत बनवू नये. फोनच्या बोटभर स्पीकरमधून खर्ज येतच नाही. जो थर छातीला कळावा म्हणून मिक्स करणाऱ्याने रात्र घालवली तोच नेमका गळून पडतो, आणि उरतो तो किरकिरा गळा, टाळ्या आणि नाव घेणारी बाई. बहुतेक सुशिक्षित टीकाकारांनी हे संगीत तेवढेच ऐकलेले आहे, नाहीतर बंद खिडकीआडून नुसता खर्ज. उन्हाळ्यातल्या एखाद्या वरातीत, गाडीच्या पुढे न जाता बाजूने, वीस-पंचवीस हात अंतर ठेवून, कानात कापूस घालून चालावे. गोल कधी होतो आणि ऑपरेटर ठेका कधी तोडतो, याकडे लक्ष ठेवावे.